वाफेवरचा ब्राऊन ब्रेड : रंग, रसायन आणि खबरदारी

पाव म्हटला की भट्टी आली, फुगलेले पीठ आले आणि खरपूस कड आली. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंड नावाचा जो प्रदेश आहे, तिथे मात्र एक पाव असा आहे की ज्याला यातले काहीच लागत नाही. मका, राय आणि गहू यांची जाडसर पिठे आंबट ताकात कालवायची, त्यात मोलॅसिस म्हणजे उसाचा काळसर पाक आणि थोडा खायचा सोडा घालायचा, आणि हे मिश्रण उभ्या डब्यात भरून दोन तास वाफवायचे. डबा उपडा केला की गडद तपकिरी, ओलसर, गोल दंडगोल बाहेर येतो. त्याच्या चकत्या कापून लोण्याबरोबर खातात. ‘बॉस्टन ब्राऊन ब्रेड’ या नावाने तो ओळखला जातो. तिथल्या दुकानांत तो चक्क पत्र्याच्या सीलबंद डब्यातही मिळतो.

इडली, ढोकळा आणि कोकणातले सांदण करणाऱ्या घरांना वाफवलेल्या पावाचे नवल वाटू नये. ओव्हन नसलेल्या घरातही तो सहज जमतो, त्यामुळे अनेकांना तो करून पाहावासा वाटतो. त्यातच ‘ब्राऊन’ हा शब्द आपल्याकडे ‘आरोग्यदायी’ या अर्थानेच वापरला जाऊ लागला आहे. मधुमेह निघाला की घरात पांढरा पाव बंद होतो आणि ब्राऊन सुरू होतो. म्हणूनच हा पाव तपकिरी कशामुळे होतो, त्यातून शरीराला नेमके काय मिळते आणि तो किती दिवस ठेवावा, हे करण्याआधी समजून घेतलेले बरे. यातला शेवटचा प्रश्न तर जिवाशी संबंधित आहे.

गहू रुसला म्हणून

सतराव्या शतकात इंग्लंडमधून आलेल्या वसाहतकारांना गव्हाचीच सवय होती. पण न्यू इंग्लंडच्या दमट किनारपट्टीवर गव्हावर काळा तांबेरा पडू लागला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही हा रोग ठाऊक आहे. खोडावर तांबूस-काळे फोड येतात आणि दाणा भरत नाही. बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपाजवळच्या शेतात हा रोग जास्त दिसतो, हे लोकांच्या लक्षात आले होते. ही झुडपे वसाहतकारांनीच युरोपातून आणून लावली होती. कनेक्टिकट वसाहतीने 1726 मध्ये ती तोडण्यासाठी कायदाही केला. तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा बार्बेरीवर काढते, हे जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी 1865 मध्ये सिद्ध केले. शास्त्रीय पुरावा येण्याच्या जवळजवळ 140 वर्षे आधी शेतकऱ्यांच्या निरीक्षणावरून कायदा झाला होता.

गहू महाग आणि बेभरवशाचा झाल्यावर घरोघर दोन धान्यांवर भिस्त ठेवली गेली. एक स्थानिक लोकांकडून शिकलेला मका आणि दुसरे थंडीत तग धरणारे राय. (आपल्याकडे राई म्हणजे मोहरी. हे राय वेगळे, ते गव्हाच्या नात्यातले तृणधान्य आहे.) मूठभर गहू मिळाला तर तोही त्यात मिसळायचा. गोडीसाठी पांढरी साखर परवडत नसे. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या कष्टांवर चालणाऱ्या उसाच्या मळ्यांतून येणारे मोलॅसिस मात्र स्वस्त होते. प्रत्येक घरात पाव भाजायची भट्टी नसली, तरी चुलीवर टांगलेले पाण्याचे भांडे असायचे आणि वाफवलेल्या-उकडलेल्या पुडिंगची इंग्रजी पद्धत हाताशी होतीच. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा सर्रास मिळू लागला आणि या पावाला आजचे रूप आले.

फॅनी फार्मर यांच्या 1896 सालच्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ या गाजलेल्या पुस्तकात तिन्ही पिठांचे समान प्रमाण दिले आहे आणि साडेतीन तास वाफवायला सांगितले आहे. साच्याऐवजी बेकिंग पावडरचा रिकामा डबाही चालेल, असे त्या सांगतात. शनिवारी संध्याकाळी मंद आचेवर शिजलेला घेवडा आणि त्याबरोबर हा पाव, असा बेत तिथल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालला. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते कडधान्यात भरपूर असते. आपल्या वरण-भातात जी जोडी जमते, तीच इथेही जमलेली आहे.

वाफच का?

पाव हलका होतो तो गव्हातल्या ग्लुटेनमुळे. पीठ मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात. मक्यात असे जाळे बांधणारे प्रथिन नसते आणि रायमधले प्रथिन त्या कामात दुबळे असते. असे मिश्रण ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत ठेवले, तर वरची कड लवकर वाळते, आतला गर फुगण्याआधीच कवच घट्ट होते आणि पाव तडकतो किंवा विटेसारखा जड राहतो.

वाफेत कड वाळतच नाही. पृष्ठभाग शेवटपर्यंत ओला आणि मऊ राहतो, त्यामुळे मिश्रणाला हळूहळू वर यायला सवड मिळते. वाफ थंड डब्यावर पाण्याच्या रूपात जमते तेव्हा ती आपली सुप्त उष्णता सोडते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान 100 अंश सेल्सिअसच्या पुढे न जाताही शिजवण्याचे काम चोख होते. जाडसर मक्याच्या कणांना पाणी शोषून शिजायला वेळ लागतो. तो वेळ आणि ते पाणी दोन्ही इथे मिळतात. रायमधले अरॅबिनोझायलन नावाचे तंतू भरपूर पाणी धरून ठेवतात, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

दोन तास लागतात ते डब्याच्या जाडीमुळे. उष्णता कडेपासून मध्यापर्यंत झिरपत जाते आणि त्यासाठी लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट केली तर वेळ चौपटीच्या आसपास जातो. त्यामुळे एका मोठ्या, रुंद डब्यापेक्षा दोन अरुंद डबे घेतलेले सोयीचे.

वाफवण्याचा आणखी एक गुण आहे. स्टार्च असलेले पदार्थ साधारण 120 अंशांच्या वर, कोरड्या उष्णतेत भाजले किंवा तळले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते, हे 2002 मध्ये स्वीडनमधल्या संशोधनातून पुढे आले. कॅन्सरच्या शक्यतेमुळे त्यावर लक्ष ठेवले जाते. माणसांवरच्या अभ्यासांत आहारातल्या अ‍ॅक्रिलामाइडचा धोका स्पष्टपणे सिद्ध झालेला नाही, तेव्हा भाजलेल्या पावाला घाबरायचे कारण नाही. पण वाफवलेल्या पावात ते फारसे तयारच होत नाही, एवढे खरे.

सोडा आणि आंबटपणाचा हिशेब

या पावात यीस्ट नाही. फुगवण्याचे सगळे काम सोडा आणि आम्ल मिळून करतात. सोडियम बायकार्बोनेट आणि ताकातले लॅक्टिक आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्ल पुरेसे नसेल तर उरलेला सोडा उष्णतेने सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो. त्याची चव साबणासारखी लागते. ढोकळ्यात सोडा जास्त झाला की जी चव येते, तीच ही. शिल्लक सोड्यामुळे रंगही जास्त गडद होतो, कारण अल्कधर्मी मिश्रणात साखर आणि प्रथिने यांची तपकिरी रंग आणणारी अभिक्रिया वेगाने होते.

स्वयंपाकातला जुना हिशेब असा, की एक कप आंबट, दाट ताकाला अर्धा चमचा सोडा. परदेशी कृतीतले ‘बटरमिल्क’ दाट आणि चांगले आंबट असते. आपल्या घरचे ताक पाणी घालून पातळ केलेले असते, म्हणजे त्यात आम्ल कमी. म्हणून ताकाऐवजी आंबट दही फेटून घ्यावे आणि त्यात चौथा हिस्साच पाणी घालावे. मोलॅसिसही किंचित आम्लधर्मी असते. त्याच्या जागी काकवी वापरली तर तिच्या आंबटपणावर विसंबू नये, कारण गुऱ्हाळात रस स्वच्छ करताना चुना घातला जातो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मोलॅसिसचे भाषांतर ‘मळी’ असे केले जाते, म्हणून साखर कारखान्यातली मळी कोणी आणू नये. ती अल्कोहोल आणि पशुखाद्यासाठी असते. ती माणसांच्या खाण्यासाठी हाताळलेली किंवा साठवलेली नसते. खाण्यायोग्य म्हणून विकले जाणारे मोलॅसिस मिळाले तर ते घ्यावे, नाहीतर चांगल्या ठिकाणची काकवी घ्यावी. काकवीने पाव थोडा फिका आणि जास्त गोड होतो, मोलॅसिसचा कडवटपणा येत नाही. चवीत फरक पडतो, पण पाव नीट होतो.

घरी करताना

प्रमाण असे : जाडसर मक्याचे पीठ, रायचे पीठ आणि कणीक प्रत्येकी अर्धा कप. खायचा सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा. फेटलेले आंबट दही पाऊण कप आणि पाणी पाव कप. मोलॅसिस किंवा काकवी एक तृतीयांश कप. आवडत असल्यास मूठभर मनुका. कप 240 मिलिलिटरचा आणि चमचा 5 मिलिलिटरचा, दोन्ही सपाट भरून. राय मिळाले नाही तर ज्वारी किंवा नाचणीचे पीठ घालता येते. मात्र त्यात पाणी धरून ठेवणारे रायसारखे तंतू नसल्याने पाव जरा भुसभुशीत होतो आणि लवकर कोरडा पडतो.

सुमारे एक लिटरचा, उभा, सरळ कडांचा स्टीलचा डबा घ्यावा. परदेशी कृतीत कॉफीचा रिकामा डबा सांगितलेला असतो. तो टाळावा. हल्लीच्या डब्यांना आतून लेप असतो, कित्येक डबे तर प्लास्टिकचे किंवा पुठ्ठ्याचे असतात आणि ते दोन तास तापवण्यासाठी बनवलेले नसतात. जुन्या डब्यांच्या सांध्यात शिसे असू शकते.

डब्याला आतून तूप किंवा लोणी लावून तळाशी बटर पेपर घालावा. एवढी तयारी झाल्यावर पाण्याचे भांडे गॅसवर ठेवावे आणि मगच मिश्रण कालवायला घ्यावे. कोरडे जिन्नस एकत्र चाळून, ओले जिन्नस वेगळे कालवून, शेवटी दोन्ही मिसळावे. सोडा दह्याला लागला की वायू सुटायला सुरुवात होते, म्हणून पुढे रेंगाळू नये. मिश्रण भज्यांच्या पिठाहून थोडे दाट असावे. डबा दोन तृतीयांशच भरावा. वर बटर पेपर आणि त्यावर फॉइल ठेवून, फुगायला जागा राहील अशी एक चुणी घालून, सुतळीने बांधावे. डब्याचे घट्ट झाकण लावू नये, आतल्या वायूला वाट हवी.

खोल भांड्यात तळाशी जाळी ठेवून त्यावर डबा ठेवावा. उकळते पाणी डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत असावे. भांड्यावर झाकण ठेवून मंद उकळीवर दीड ते दोन तास वाफवावे. दर अर्ध्या तासाने पाणी पाहावे आणि कमी झाले असेल तर उकळतेच घालावे. गार पाणी घातले की उकळी थांबते आणि अर्धवट फुगलेला पाव बसतो. कुकर वापरायचा तर ढोकळ्यासारखा, शिट्टी काढून. अशा कुकरमधली वाफ सतत बाहेर जात असते आणि पाणी लवकर आटते, त्यामुळे तो तसाच सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नये. शिट्टी लावून शिजवले तर दाबाखाली मिश्रण नीट फुगत नाही आणि पाव चिवट होतो.

मध्यभागी घातलेली सळई कोरडी निघाली की गॅस बंद करावा. दहा मिनिटांनी पाव बाहेर काढून जाळीवर ठेवावा. गरम असताना सुरीने कापला तर गर चिकटतो. न्यू इंग्लंडमधली जुनी युक्ती दोऱ्याची आहे. पावाभोवती मजबूत दोरा गुंडाळून दोन्ही टोके ओढली की स्वच्छ चकती निघते.

तपकिरी म्हणजे पौष्टिक?

या पावाचा रंग तीन ठिकाणांहून येतो : धान्याचा कोंडा, मोलॅसिस आणि दीर्घ वाफवताना होणारी रासायनिक अभिक्रिया. यातला पहिला स्रोत आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. पीठ सगळ्या दाण्याचे असेल तर त्यातून तंतू, ब जीवनसत्त्वे आणि खनिजे मिळतात. दुसऱ्या स्रोतातून मुख्यतः साखर येते.

वरच्या प्रमाणात साधारण 110 ग्रॅम मोलॅसिस पडते आणि त्यात 80 ग्रॅमच्या आसपास साखर असते. पावाच्या दहा चकत्या केल्या तर प्रत्येकीत सुमारे 8 ग्रॅम, म्हणजे दोन चमचे साखर झाली, मनुकांची वेगळी. मुक्त साखर रोजच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी आणि जमल्यास 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे 25 ग्रॅमपर्यंत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. तीन चकत्या खाल्ल्या की ती खालची मर्यादा गाठलीच. मोलॅसिसमध्ये लोह असते हे खरे, पण एका चकतीतल्या दहा-अकरा ग्रॅममधून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते. रक्त वाढवायला म्हणून हा पाव खाण्यात अर्थ नाही.

मीठ आणि सोडा मिळून सगळ्या पावात सुमारे 1,800 मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे चकतीला 180. खायच्या सोड्यातही सोडियम असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांच्या सहसा लक्षात येत नाही. त्यांनी मीठ निम्मे केले तरी पावाचे काही बिघडत नाही. सोडा मात्र तेवढाच ठेवावा, फुगणे त्यावर अवलंबून आहे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. भरपूर पाण्यात दीर्घकाळ शिजलेला स्टार्च पूर्ण फुलतो आणि पचायला सोपा होतो. त्यामुळे ‘कोंडा आहे म्हणजे साखर हळूच चढणार’ असे गृहीत धरू नये. पीठ जितके जाडसर तितका परिणाम सौम्य. एक चकती, सोबत उसळ किंवा अंडे, आणि त्या जेवणातली एक पोळी कमी, असा मेळ घालावा. सिलिअ‍ॅक आजार असणाऱ्यांना तर हा पाव मूळ रूपात चालणारच नाही, कारण गहू आणि राय दोन्हीत ग्लुटेन असते.

हाच डोळसपणा बाजारातला ब्राऊन ब्रेड घेतानाही हवा. वेष्टनावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव मैद्याचे असेल आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग किंवा 150 या आकड्याने सुरू होणारा रंगाचा क्रमांक असेल, तर तो तपकिरी रंग कोंड्याचाच आहे असे मानता येत नाही.

डब्यात बंद करून ठेवू नका

दुकानात हा पाव सीलबंद डब्यात मिळतो, मग आपणही गरम पाव बरणीत भरून, झाकण घट्ट लावून महिनाभर का ठेवू नये, असा विचार मनात येऊ शकतो. परदेशात हौसेने असे करणारे आणि भेट म्हणून देणारे लोक आहेत. हे अजिबात करू नये.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात दोन तास राहूनही जिवंत राहू शकतात. ते मारण्यासाठी 121 अंशांच्या आसपासचे तापमान, दाबाखाली आणि ठरावीक वेळ, द्यावे लागते. कारखान्यात डबाबंद पदार्थ त्या पद्धतीने निर्जंतुक करतात. घरच्या वाफेवर ते होत नाही. बंद बरणीत हवा नसते, पाव ओला असतो आणि आंबटपणा सोड्याने कमी केलेला असतो. बीजाणूंना रुजायला आणि विष तयार करायला हीच परिस्थिती अनुकूल. हे विष नसांवर परिणाम करते. नजर दुहेरी होते, बोलता-गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू निकामी होऊन मृत्यूही येऊ शकतो. पदार्थाच्या वासावरून ते कळेलच असे नाही. अमेरिकेच्या घरगुती अन्नसाठवण केंद्राने बरणीत बंद केलेले पाव आणि केक घरी करून साठवू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

उघड्यावरही हा पाव फार टिकत नाही. आपल्या दमट हवेत पावातले बॅसिलस जीवाणूंचे बीजाणू जागे होतात. गर चिकट होतो, ओढला की तार सुटते आणि अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. असा पाव कड काढूनही खाऊ नये, सगळाच टाकावा. बुरशीचा ठिपका दिसला तरी तेच. पाव पूर्ण गार करून, त्या दिवशी लागेल तेवढा बाहेर ठेवावा. बाकीचा फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा किंवा चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. खाताना तव्यावर किंचित लोण्यावर परतल्या की वाफेच्या पावाला न मिळालेली खरपूस कडही मिळते.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी एकच डबा करावा. तो दोन-तीन दिवसांत सहज संपतो आणि साठवणुकीचा प्रश्नच येत नाही. सोबत मटकीची किंवा घेवड्याची उसळ असेल, तर शनिवारच्या रात्रीचे जेवण त्यात होऊन जाते.